अवजड सपाट वॅगन आणि तिची छोटी प्रतिकृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सपाट वॅगन करायला सोपी असते असं बहुतेकांना वाटतं. भिंती नाहीत, छप्पर नाही, दरवाजे नाहीत. पण त्यामुळेच वजन लपवायला जागा उरत नाही, डेक जराही वाकला तर लगेच दिसतो आणि वर ठेवलेला माल चुकीचा असेल तर झाकायला काहीच नसतं. या पानावर मापं मिलिमीटरमध्ये आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे स्केल एचओ, म्हणजे 1:87.1. आणखी एक खुलासा: आपण बोलताना अख्ख्या डब्याला ‘बोगी’ म्हणतो. इथे बोगी म्हणजे वॅगनखालची चाकांची गाडी.

अवजड सपाट वॅगन नेमकी कोणती?

साध्या सपाट वाघिणीवर ट्रक, रूळ, पाइप असा पसरलेला माल जातो. एकाच ठिकाणी एकवटलेलं प्रचंड वजन नेण्यासाठी बनवलेली ती अवजड वॅगन. ट्रान्सफॉर्मर, टर्बाइनचा रोटर, रणगाडा, पोलादी कॉइल हा तिचा माल. ढोबळ प्रकार चार आहेत. पहिला, सरळ डेकची पण जाड तुळयांची. दुसरा, मधला भाग खाली उतरवलेली, म्हणजे उंच माल पुलाखालून जावा म्हणून खोलगट केलेली. तिसरा, मधोमध आरपार खळगा असलेली. चौथा श्नाबेल, जिच्यात माल हाच वॅगनचा मधला भाग बनतो. अमेरिकेत पहिल्या तिघींना अनुक्रमे एफएम, एफडी आणि एफडब्ल्यू ही वर्गाक्षरं आहेत, त्यात एफएममध्ये साध्या सपाट वॅगनही येतात. आपल्याकडे वेल वॅगनच्या, म्हणजे खोलगट वॅगनच्या, संकेतात ‘डब्ल्यू’ येतो.

अ‍ॅक्सल किती लावायचे हे कसं ठरवायचं?

आधी मालाचं वजन ठरवा, मग वॅगन निवडा. उलट्या क्रमाने गेलात की प्रतिकृती खोटी दिसते आणि बघणाऱ्याला कारणही सांगता येत नाही.

120 टनांचा ट्रान्सफॉर्मर आणि 60 टनांची रिकामी वॅगन असं धरू. एकूण 180 टन. आपल्याकडचा जुना प्रचलित अ‍ॅक्सल भार 20.32 टन. 180 भागिले 20.32 म्हणजे 8.86, म्हणजे किमान 9 अ‍ॅक्सल. प्रत्यक्षात 12 अ‍ॅक्सलची वॅगन लागेल, दोन्ही टोकांना तीन-तीन अ‍ॅक्सलच्या दोन-दोन बोग्या. 22.9 टन भार चालणाऱ्या मार्गावर 8 अ‍ॅक्सलवर 183 टन बसतात, पण जेमतेम. अमेरिकेत 4 अ‍ॅक्सलच्या वॅगनचं एकूण वजन 2,86,000 पौंडांपर्यंत जातं, म्हणजे प्रत्येक अ‍ॅक्सलवर सुमारे 32.4 टन. त्यामुळे तोच माल तिथे कमी चाकांवर दिसतो. अमेरिकन फोटो बघून भारतीय वॅगन बनवताना नेमकी हीच चूक होते.

मुंबईच्या आसपास अशा वॅगन कुठे बघायला मिळतात?

पोलादाच्या वॅगनसाठी कळंबोली आणि दिवा–पनवेल मार्ग. कॉइल नेणाऱ्या बीएफएनएस तिथे दिसतात. बीआरएन, म्हणजे रूळ आणि पोलाद नेणारी आपली सपाट वॅगन, नीट बघायची असेल तर कोकण रेल्वेची रो-रो सेवा बघा. 1999 पासून ही सेवा कोलाड आणि वेर्णा यांच्यामध्ये भरलेले ट्रक सपाट वॅगनवर चढवून नेते. ट्रक चढलेली वॅगन बघितली की डेकची उंची आणि बोगीचं प्रमाण डोळ्यांत बसतं. रणगाड्यांच्या बीओएमएन वॅगन कधीतरी जाताना दिसतात. लष्करी मालाचे फोटो काढू नका.

मोजमाप घ्यायला रुळांवर उतरू नका. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 प्रमाणे तो गुन्हा आहे आणि मालगाडी सूचना न देता हलते. सार्वजनिक पुलावरून किंवा रस्त्यावरून, वॅगनच्या काटकोनात उभं राहून फोटो काढा. चाकाचा व्यास 1000 मिमी धरून फोटोतलं बाकीचं प्रमाण काढता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, झिजलेलं चाक 906 मिमीपर्यंत लहान झालेलं असू शकतं. दोन वॅगनच्या फोटोंवरून पडताळा घ्या.

भारतीय ब्रॉडगेजसाठी कोणतं स्केल घ्यावं?

1676 मिमीचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1:87.1 मध्ये 19.2 मिमी होतो. बाजारात मिळणारा रूळ 16.5 मिमीचा. 1:76 मध्ये ब्रॉडगेज 22 मिमी होतो आणि रूळ तोच 16.5 चा, म्हणजे फरक दुप्पट. म्हणून एचओ. 2.7 मिमीची तफावत समोरून बघितली तर जाणवते, बाजूने नाही. स्वतः 19.2 मिमीचा रूळ टाकायची तयारी असेल तर उत्तमच, पण पहिल्या वॅगनसाठी तो हट्ट धरू नका.

बीआरएनची मूळ मापं आणि एचओ मापं काय?

हेडस्टॉक (टोकाची आडवी तुळई) ते हेडस्टॉक 13,716 मिमी, म्हणजे 157.5. कपलर धरून 14,645, म्हणजे 168.1. कॅसनब या आपल्या मालगाड्यांच्या बोगीत दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर 2000, म्हणजे 23. नवं चाक 1000 मिमीचं, म्हणजे 11.5. इथे एक सोय आहे. अमेरिकन 36 इंची चाक एचओमध्ये 10.5 मिमीचं येतं आणि आपलं पूर्ण झिजलेलं चाक 10.4 मिमीचं होतं. त्यामुळे 10.5 ची चाकं लावलीत तर ती जुनी, झिजलेली वॅगन म्हणून अगदी बरोबर ठरते.

सामान मुंबईत कुठून घ्यायचं?

नागदेवी स्ट्रीटवर बारीक ड्रिल, टॅप, कानशी. झवेरी बाजाराच्या आसपास सोनारकामाची अवजारं मिळतात: पिन व्हाइस, करवतीची पाती, पितळी तार. सोनाराची करवत 1 मिमी पितळी पत्रा कापायला इतर कशाहीपेक्षा बरी. माल बांधायच्या साखळ्या भुलेश्वरला इमिटेशन दागिन्यांच्या दुकानात मिळतात. चुंबक आणि तारा लॅमिंग्टन रोडला. प्लॅस्टिकसाठी साइनबोर्डवाल्यांकडे ‘हिप्स शीट’ मागा, 0.5 आणि 1 मिमी. सनबोर्ड घेऊ नका. तो आतून फेसाळ असतो, त्यामुळे कड धारदार निघत नाही आणि खिळ्याएवढा तपशीलही त्यावर टिकत नाही.

डेक दोन-तीन आठवड्यांनी वाकतो. का?

बहुतेक वेळा दोन शीट एकमेकांवर पूर्ण पृष्ठभागाने चिकटवलेल्या असतात. मधे अडकलेलं सॉल्व्हंट कडांमधून हळूहळू बाहेर पडतं आणि जाताना प्लॅस्टिक ओढून घेतं. आतल्या शीटला दर 15 मिमीवर 1.5 मिमीची भोकं पाडा. सॉल्व्हंट कमी वापरा, दोन्ही बाजूंनी सारखं लावा आणि काचेवर वजनाखाली दोन दिवस ठेवा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे आत 2 मिमीची चौकोनी पितळी नळी, मधल्या तुळईच्या जागी, टोकापासून टोकापर्यंत.

खऱ्या सपाट वॅगनला मुद्दाम थोडा वरचा बाक दिलेला असतो. माल चढला की तो सरळ होतो. रिकामी वॅगन दाखवणार असाल तर मधे 0.3 ते 0.5 मिमी उंच ठेवा. पट्टी लावली तरच कळेल इतकाच हा फरक असतो, पण खाली झुकलेला डेक मात्र लांबूनही मोडल्यासारखा दिसतो.

वजन किती हवं आणि ते ठेवायचं कुठे?

एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेची शिफारस एचओसाठी 1 औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस. आपल्या मापात 28 ग्रॅम अधिक दर सेंटिमीटरला 5.6 ग्रॅम. 157.5 मिमीच्या बीआरएनसाठी 116 ग्रॅम. 52 फुटी अमेरिकन सपाट वॅगन एचओमध्ये 182 मिमी होते, तिला 130 ग्रॅम.

नुसत्या प्लॅस्टिकच्या वॅगनचं वजन याच्या जवळपासही जात नाही, आणि हलकी सपाट वॅगन लांब गाडीच्या मधे असेल तर वळणावर आतल्या बाजूला ओढली जाऊन पडते. जागा तीन ठिकाणी मिळते. डेक स्वतःच 0.8 मिमी पोलादी पत्र्याचा करा: 157 × 33 चा तुकडा 32 ग्रॅम भरतो आणि वरचा माल चुंबकाने धरतो. दोन बोग्यांच्या मधे, तुळयांच्या आड, 80 × 20 × 2 मिमी शिसं बसवा, ते 36 ग्रॅम. तिसरं, धातूची चाकं. एवढं करूनही कमी पडलं तर उरलेलं वजन मालात घाला. पण मग ती वॅगन रिकामी चालवता येणार नाही हे आधीच मान्य करा.

शिशासाठी टायरवाल्याकडे मिळणाऱ्या 5 आणि 10 ग्रॅमच्या चिकटपट्ट्या सोयीच्या. घेताना वाकवून बघा. हल्ली बऱ्याच लोखंडी असतात, त्या वाकत नाहीत आणि त्याच वजनाला जास्त जागा खातात.

पांढऱ्या लाकडी गोंदाने शिसं कधीही चिकटवू नका. त्या गोंदातून सुटणारं अ‍ॅसेटिक आम्ल आणि हवेतला ओलावा यांनी शिशावर पांढरी पूड धरते. ती फुगते आणि वर्ष-दोन वर्षांत तुळया आतून फाकवते. मुंबईच्या दमटपणात हे लवकर घडतं. इपॉक्सी वापरा. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, ते किसू किंवा घासू नका आणि घरात लहान मूल असेल तर पोलाद किंवा पितळ घ्या.

तीन अ‍ॅक्सलची बोगी सांध्यावर आणि वळणावर सारखी का पडते?

तीन अ‍ॅक्सल एका ताठ चौकटीत बसवले की मधलं चाक अडचणीचं ठरतं. रुळात उंचवटा आला की मधलं चाक तरफेसारखं काम करतं आणि टोकाचं चाक उचललं जातं. वळणावर मधल्या चाकाला बाजूला सरकायचं असतं, पण जागा नसते.

मधल्या अ‍ॅक्सलचं भोक उभं लांबट करा, वर-खाली 0.5 मिमी. आडवी मोकळीक 0.5 ते 0.8 मिमी ठेवा, त्यासाठी अ‍ॅक्सलची टोकं थोडी घासावी लागतील. भोक आडवं लांबट करू नका, नाहीतर अ‍ॅक्सल तिरका होतो. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर 14.4 ते 14.5 आहे ना ते तपासा. मग बोगी एकटी, वॅगनशिवाय, बोटाने रुळावर ढकलून बघा. ती एकटी पडत असेल तर वॅगनमध्ये दोष शोधण्यात अर्थ नाही.

त्यानंतर स्क्रू. साध्या दोन बोग्यांच्या वॅगनला एक बोगी फक्त वळू द्यायची: स्क्रू पूर्ण आवळून पाव फेरा सोडा. दुसरी वळेल आणि डोलेलही: तिचा स्क्रू पाऊण फेरा सोडा. दोन्ही घट्ट असतील तर चौथा कोपरा हवेत राहतो. दोन्ही सैल असतील तर वॅगन झुलते, वर उंच ट्रान्सफॉर्मर असेल तर तो कलंडल्यासारखा दिसतो. चार बोग्यांच्या वॅगनला हाच नियम दोनदा लागतो. दोन बोग्या जोडणाऱ्या प्रत्येक तुळईखाली एक ताठ आणि एक डोलणारी, आणि त्या दोन तुळयांपैकी एक वॅगनच्या अंगाशी ताठ, एक डोलणारी.

माझ्या घरात 18 इंची वळणंच बसतात. चालेल का?

बीआरएन चालेल. मोठी खोलगट वॅगन चालणार नाही. वळणावर वॅगनचा मध्य आत किती येतो याचं सूत्र असं: बोगीच्या केंद्रांमधल्या अंतराचा वर्ग, भागिले त्रिज्येची 8 पट. केंद्रांमधलं अंतर 105 आणि त्रिज्या 457 असेल तर 3 मिमी. अंतर 250 आणि त्रिज्या 559, म्हणजे 22 इंची, असली तरी 14 मिमी. शेजारच्या रुळावरची गाडी, फलाटाची कड, सिग्नलचा खांब, यांतलं काहीतरी हमखास घासणार. त्रिज्या वॅगनच्या लांबीच्या साधारण तिप्पट ठेवा. भिंतीलगत एक लांब सरळ फळी हा मुंबईतल्या घरात गोलाकार मांडणीपेक्षा या वॅगनना जास्त मानवणारा पर्याय आहे, असं आमचं ठाम मत आहे.

खोलगट वॅगन चढावाच्या सुरुवातीला किंवा माथ्यावर टेकते. काय करावं?

माथ्यावर टेकत असेल तर हिशोब करा: केंद्रांमधलं अंतर गुणिले चढातला फरक, भागिले 4. 250 मिमी आणि 3 टक्के धरले तर 1.9 मिमी. तळाखाली 2 मिमी मोकळी जागा असेल तर ती जवळपास संपली. मोकळीक 4 मिमी ठेवा किंवा चढ हळूहळू सुरू होईल असा रूळ टाका. चढाच्या पायथ्याशी अडत असेल तर मधला तळ दोषी नाही. तिथे बोगीचं टोक किंवा कपलरची खालची पिन तपासा.

बाजूचे पत्रे बनवताना डेक, उतार आणि खोलगट भाग हे तीन तुकडे जोडू नका. सगळा आकार एकाच पितळी पत्र्यातून कापा. दोन्ही बाजू एकत्र सोल्डर करून, एकदम कापून, मग गरम करून सुट्या केल्या तर दोन्ही तंतोतंत सारख्या येतात. दुमडीचा कोपरा हीच या वॅगनची कमजोर जागा आहे.

कपलरची उंची कोणती धरायची?

एनएमआरएच्या मापाप्रमाणे रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंत 9.9 मिमी. आपल्याकडे खऱ्या वॅगनला ही उंची रिकामी असताना जास्तीत जास्त 1105 आणि भरलेली असताना कमीत कमी 1030 मिमी असते, म्हणजे एचओमध्ये 12.7 ते 11.8. दोन्ही एकत्र जुळत नाहीत. तुमच्या सगळ्या गाड्या भारतीय असतील तर 12.2 धरून सगळीकडे तीच ठेवा. परदेशी इंजिन जोडायचं असेल तर कपलरची पेटी 9.9 वर खाली उतरवा आणि हेडस्टॉक मूळ जागीच राहू द्या.

माल काय आणि किती ठेवावा?

रूळ: आपल्याकडचा प्रमाण रूळ 13 मीटरचा, एचओमध्ये 149 मिमी, म्हणून 157.5 च्या बीआरएनवर तो नेमका बसतो. मीटरला 52 किलोचा रूळ 156 मिमी उंच असतो, एचओमध्ये 1.79. हा बाजारातला कोड 70 रूळच आहे, जसाच्या तसा कापून ठेवा. मीटरला 60 किलोचा असा एक रूळ 780 किलो भरतो. 55 टन माल धरला तर फक्त 70 रूळ होतात. रुंदीत साधारण 18 बसतात, म्हणजे जेमतेम चार थर. कडेच्या खांबांच्या माथ्यापर्यंत रूळ रचलेली प्रतिकृती खऱ्या आयुष्यात यार्डातून बाहेरही पडली नसती. थरांमधे 1 मिमी लाकडी पट्ट्या आडव्या टाका.

कॉइल: बाहेरचा व्यास 1.9 मीटर, आतलं भोक 610 मिमी, रुंदी 1.25 मीटर. या मापाची कॉइल 25 टनांच्या आसपास भरते. एचओमध्ये व्यास 21.8, भोक 7, रुंदी 14.4. अशा दोनच ठेवा, मधली जागा रिकामी दिसली तरी. 14.4 मिमी रुंद कागदी पट्टी 7 मिमीच्या नळीवर घट्ट गुंडाळा, शेवटचं टोक चिकटवून वरून बारीक धातुपट्ट्या लावा. कागदाच्या कडा जरा वर-खाली राहिल्या तर बुजवू नका, खऱ्या कॉइलच्या कडाही तशाच असतात.

ट्रान्सफॉर्मर: इथे सर्वाधिक चुका होतात. मोठा ट्रान्सफॉर्मर तेल काढून, आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरून पाठवतात. पोर्सेलिनचे बुशिंग, रेडिएटर, वरची तेलाची टाकी हे सगळं काढून वेगळं जातं. म्हणून वॅगनवर दिसते ती नुसती फासळ्यांची पेटी, जिच्या सगळ्या तोंडांवर गोल झाकणं बोल्टने बसवलेली असतात. त्यावर दाब राखणारा लहान नायट्रोजन सिलिंडर आणि धक्के नोंदवणाऱ्या यंत्राची डबी लावलीत तर जाणकार थांबून बघेल. अशा मालाला रेल्वेत ओडीसी, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरचा माल, म्हणतात. त्यातला सर्वांत कडक ‘सी’ वर्ग फक्त दिवसा चालतो. तेव्हा दिवे लावलेल्या रात्रीच्या देखाव्यात तो चालता दाखवू नका.

साखळ्या कोणत्या मापाच्या?

सेंटिमीटरला 15-16 कड्या असतील ती बारीक साखळी. 10-11 कड्यांची जाड, फक्त अवजड मालासाठी. साखळी ताणलेली दिसायला हवी. एक टोक आधी चिकटवा, दुसरं हलक्या ओढीत धरून सायनोअ‍ॅक्रिलेटचा एक थेंब द्या. सोनेरी चमक घालवायला आधी काळसर रंगात बुडवून वाळवा, नाहीतर कड्यांच्या आत पिवळं चमकत राहतं.

पावसाळ्यात रंग पांढरट का पडतो?

थिनर वेगाने उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि लॅकरमध्ये अडकतं. जून ते सप्टेंबर लॅकर स्प्रे टाळा. करायचाच असेल तर एसी तासभर चालवून खोली कोरडी करा, सावकाश उडणारं थिनर घ्या आणि कंप्रेसरच्या पाणी-सापळ्यातलं पाणी दर दहा मिनिटांनी काढा. पोलादी डेकला कापल्याच दिवशी अ‍ॅसिटोनने पुसून प्रायमर मारा. बोटांचे ठसे आणि खारी हवा मिळून दुसऱ्या दिवशी गंज दिसतो. वरून रेड ऑक्साइड, पण डबीतला थेट लावू नका. खरी वॅगन उन्हाने फिकी पडलेली असते, म्हणून दहा भागांत एक भाग फिकट राखाडी मिसळा.

वॅगनचा नंबर कसा बनवायचा?

अकरा आकडे: दोन प्रकाराचे, दोन मालक रेल्वेचे, दोन बांधणीच्या वर्षाचे, चार अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळणीचा. सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज तिप्पट करा, त्यात विषम जागांची बेरीज मिळवा आणि पुढच्या दहाच्या पटीला जितके कमी पडतील तो शेवटचा आकडा. फक्त गणितापुरतं 2103140526 घेऊ. सम जागांची बेरीज 19, तिप्पट 57. विषम जागांची 5. एकूण 62, म्हणून शेवटचा आकडा 8. पीओएचची, म्हणजे ठरावीक मुदतीने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीची, तारीख बांधणीच्या वर्षाआधीची पडू देऊ नका.

थ्रीडी प्रिंट चालेल का?

बोगीच्या बाजू, कप्पे, झाकणं यांना रेझिन प्रिंट उत्तम. लांब डेकसाठी नको, तो स्वतःच्या वजनाने महिनोन्‌महिने झुकत जातो. पीएलए हे थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लॅस्टिक 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली वॅगन केळ्यासारखी वाकून मिळेल.

श्नाबेल वॅगन करायला घ्यावी का?

आधी दोन-तीन साध्या अवजड वॅगन नीट चालवा. अमेरिकेतली सर्वांत मोठी श्नाबेल 36 अ‍ॅक्सलची आहे, रिकामी असताना जवळपास 70.6 मीटर. एचओमध्ये 81 सेंटिमीटर, तेही मधे माल नसताना. वर सांगितलेला ताठ आणि डोलणाऱ्या बोगीचा नियम तिथे थरावर थर लागत जातो, आणि एका चाकाची चूक बाकीची पस्तीस अ‍ॅक्सल घेऊन खाली उतरते. घ्यायचीच असेल तर एका टोकाचा अर्धा भाग आधी पूर्ण करा आणि तो एकटा, शिफारशीइतकं वजन ठेवून, सगळ्या सांध्यांवरून मागे-पुढे पन्नास वेळा न पडता चालला, की मग दुसऱ्या अर्ध्यासाठी पत्रा कापा.